सुलकाटा कासवाच्या पिल्लाचा तयार 'स्टार्टर किट': काय ठेवावं, काय परत करावं

खोक्यावर 'सगळं एकाच ठिकाणी' असं छापलेलं असतं. आत निघतं ते साधारण असं: दोन फुटी काचेची टाकी, जाळीचं झाकण, चिमट्याने अडकवायचा घुमटाकार दिवा, उष्णतेचा बल्ब, वळ्यावळ्यांचा छोटा यूव्हीबी (उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारा) बल्ब, काचेवर चिकटवायचा काट्याचा तापमापक, लाकडाचा भुसा, प्लास्टिकची खोल वाटी आणि गोळ्यांची डबी. आफ्रिकन सुलकाटा कासवाच्या पिल्लाबरोबर हा संच गळ्यात मारला जातो. पुण्या-मुंबईच्या दुकानांत, न्यू जर्सीत, दुबईत, थोड्याफार फरकाने माल तोच.

निकाल आधी सांगून टाकू. नऊपैकी तीन वस्तू ठेवाव्यात: घुमट दिवा, उष्णतेचा बल्ब (साधा पांढरा असेल तर) आणि गोळ्या (चांगल्या असतील तर). टाकी आणि तिचं झाकण जुगाड करून चालवता येतं. उरलेल्या चार वस्तू दुकानदार घेत असेल तर परत कराव्यात. आणि ज्या तीन वस्तूंवाचून पिल्लू सुस्त पडतं, त्या संचात नसतातच: थर्मोस्टॅट (ठरवलेल्या तापमानाला हीटर चालू-बंद करणारं यंत्र), रात्रीची बिनप्रकाशाची उष्णता, आणि हवेतला दमटपणा मोजायचं भरवशाचं यंत्र.

'पिल्लू खात नाही, दिवसभर डोळे मिटून पडतं' ही तक्रार आली की दुकानदार भूक वाढवायचे थेंब काढून देतो. थेंबांनी काही होत नाही, कारण बहुतेक वेळा दुखणं भुकेचं नसतं. कासवाचं शरीर स्वतःची उष्णता तयार करत नाही. हवा गार असली की हालचाल मंदावते, आतडं मंदावतं, आणि पाला पचवणारे जिवाणूही मंदावतात. अशा पिल्लाला खायची इच्छा होत नाही हे एका अर्थी बरंच, कारण गार पोटात गेलेला पाला पचत नाही, कुजतो. दुसरं कारण पाणी. २५ ते ४० ग्रॅमच्या जिवाला कोरड्या हवेत पाणी टिकवून धरता येत नाही, आणि पाणी कमी पडलं की आधी भूक जाते, मग मूत्रपिंडावर ताण येतो. म्हणून क्रम ठरलेला आहे: आधी ऊब, मग पाणी, शेवटी अन्न. संचाची परीक्षाही याच क्रमाने घेतली आहे.

एक गैरसमज इथेच काढून टाकायला हवा. 'थंडी आहे, शीतनिद्रेत गेलं असेल' असं म्हणून पिल्लू खोक्यात ठेवून दिलं जातं. सुलकाटा सहाराच्या दक्षिणेकडच्या साहेल पट्ट्यातलं कासव आहे. ते शीतनिद्रा घेत नाही. डिसेंबरात निपचित पडलेलं सुलकाटा पिल्लू झोपलेलं नसतं, गारठलेलं असतं. नाशिक-पुण्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहाच्या आसपास येतो, आणि पंखा बंद केलेली खोलीही पिल्लाच्या दृष्टीने गारच. शिकागोत किंवा न्यू जर्सीत उलटं: हीटिंगमुळे घर उबदार, पण हवा इतकी कोरडी की पिल्लू आतून सुकतं. दुबईत एसी तेच करतो.

सुस्ती खरी की नेहमीची, हे ओळखायला एक सोपी चाचणी आहे. निरोगी पिल्लूही दिवसाचा मोठा भाग लपून झोपतं. पण कोमट पाण्यात ठेवल्यावर त्याने पाच-दहा मिनिटांत डोळे उघडावेत, मान बाहेर काढावी, चारही पाय मारावेत. पायाला बोट लावलं की पाय झटकन आत गेला पाहिजे. पाय लोंबकळतोय, मान खाली पडतेय, पाण्यातही डोळे उघडत नाहीत, तर या परीक्षणातलं सामान नंतर बघा, आधी डॉक्टरकडे जा.

टाकी आणि जाळीचं झाकण

काचेची टाकी स्वतः वाईट नाही, झाकण वाईट. जाळीतून गरम हवा आणि दमटपणा दोन्ही वर निघून जातात. मग लोक बल्ब मोठा लावतात, हवा आणखी कोरडी होते. पाठ तापते आणि पोट गार राहतं, अशा विचित्र अवस्थेत पिल्लू सापडतं. पैसे असतील तर पीव्हीसी किंवा प्लायची बंद पेटी घ्यावी, पुढे सरकत्या काचा आणि दिवे आतच बसवलेले. किमान तीन फूट लांब, दीड फूट रुंद. नसतील पैसे तर जाळीवर अ‍ॅल्युमिनियम फॉइल घालून दोन-तृतीयांश भाग झाका, दिव्याभोवती चार बोटं जागा मोकळी ठेवा. थर्माकोल, प्लास्टिक किंवा कापड घुमट दिव्याला टेकेल असं कधीही ठेवू नका. तापलेल्या दिव्याला थर्माकोल वितळतो, कापड पेटतं.

काचेच्या भिंतीतून पलीकडचं दिसतं म्हणून पिल्लू तासन् तास काचेला धडका देत बसतं. खालच्या पाच इंचांवर बाहेरून खाकी कागद चिकटवला की ते थांबतं. शिवाय ही टाकी उन्हात ठेवू नका, पाच मिनिटंही नाही. बंद काचेत ऊन कोंडलं की पिल्लू उकडून मरतं. ऊन द्यायचंच तर उघड्या घमेल्यात, अर्धा भाग सावलीत, समोर बसून.

उष्णता: इथे कंजूषी नको

आकडे लक्षात ठेवायचे ते हे. दिव्याखालची जागा ३५ ते ३८ अंश सेल्सिअस. टाकीचा गार कोपरा २७ च्या खाली नको. रात्री दिवे बंद झाल्यावर सगळीकडे किमान २६-२७. हे आकडे जमिनीवर, पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर मोजायचे. वर काचेवर चिकटवलेला काटा काहीही सांगो.

संचातला बल्ब पांढरा आणि पसरट झोताचा असेल तर ठेवा, ६० ते ७५ वॅट पुरतो. अरुंद झोताचा 'स्पॉट' बल्ब असेल तर बदला. तो नाण्याएवढ्या जागेवर तापतो आणि कवचाचा माथा सुकवतो. लाल किंवा निळा 'रात्रीचा' बल्ब आला असेल तर तो सरळ बाजूला ठेवा. कासवांना रंग चांगले दिसतात. लाल उजेडात खाली पसरलेली झाडाची साल, माती सगळं खाण्याजोगं वाटून पिल्लं ते गिळतात, आणि रात्रभर उजेड असला की झोप मोडते. गरम दगड मिळाला तर तोही नको. पोटाखालची उष्णता त्यांना नीट कळत नाही आणि पोटाकडचं कवच भाजतं.

रात्रीसाठी हवा तो सिरॅमिक हीट एमिटर. उजेड नाही, फक्त ऊब. दोन-तीन फुटी बंद पेटीला १०० वॅटचा एक पुरतो. सलग चालला तर दिवसाला २.४ युनिट वीज खाईल. पण थर्मोस्टॅटवर आणि बंद पेटीत तो बराच वेळ बंदच असतो. होल्डर पोर्सिलेनचाच घ्या. साध्या प्लास्टिकच्या होल्डरचं तोंड काही दिवसांत तडकतं, मग वायरीचं आवरण वितळतं. दुकानात मागताना 'आटे असलेला' होल्डर मागा, नाहीतर पिनवाला हातात देतात.

परदेशातून कुणी नातेवाईक बॅगेत बल्ब आणणार असतील तर हे आधी वाचा. अमेरिकेतला बल्ब १२० व्होल्टचा. त्याचे आटे आपल्या होल्डरमध्ये जवळजवळ तसेच बसतात, आणि तिथेच घात होतो. २३० व्होल्टवर तोच १०० वॅटचा बल्ब साडेतीनपटीहून जास्त वीज खेचू पाहतो. साधा बल्ब लगेच उडेल. सिरॅमिक एमिटर मात्र उडण्याआधी रसरशीत तापू शकतो, आणि तो धोका मोठा. यूव्हीबी ट्यूबच्या पट्टीवर '१००-२४० व्होल्ट' असं छापलेलं असेल तरच ती इथे लावा.

थर्मोस्टॅट म्हणून इंकबर्डचं आयटीसी-३०८ हे यंत्र कामाचं आहे. आकडा २७, फरक १ अंश ठेवायचा, 'हीटिंग'च्या सॉकेटमध्ये फक्त सिरॅमिक एमिटर लावायचा. तापायचा दिवा वेगळ्या टायमरवर, दिवसाचे १२ तास. संवेदक, म्हणजे वायरीच्या टोकाची ती कांडी, पेटीच्या मध्यावर, सावलीत, जमिनीपासून दोन इंच वर, झिपटायने पक्की बांधायची. यंत्र सहसा बिघडत नाही. बिघडतं ते हे बांधकाम. कांडी सुटून पाण्याच्या बशीत पडली किंवा साफसफाईत पेटीबाहेर राहिली की यंत्राला गारच वाटत राहतं आणि एमिटर थांबतच नाही. रोज पाला घालताना कांडीकडे एक नजर टाकावी. स्वस्तात एसटीसी-१००० हा सुटा मॉड्यूल मिळतो, अचूकतेत तो मागे नाही. पण त्याची जोडणी उघड्या वायरींची असते, आणि दमट पेटीशेजारी उघडी वायर नको. इलेक्ट्रिशियनकडून डब्यात बसवून घेणार असाल तरच तो घ्या.

वीज गेली की काय? पिल्लू टॉवेल अंथरलेल्या थर्माकोलच्या खोक्यात ठेवावं आणि कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी. झाकणाला दोन-तीन भोकं. दर दोन तासांनी बाटली बदलावी. अंधारात पिल्लू झोपूनच राहतं, तो वेळ खाऊ घालण्यात घालवू नये.

काट्याचा तापमापक आणि दमटपणा

संचातला सगळ्यात फसवा भाग हाच. काट्याचे तापमापक पाच-सहा अंशांनी चुकतात, आणि त्यातला दमटपणाचा काटा तर बहुधा एकाच जागी अडकून बसतो. त्याऐवजी डिजिटल, वायरीच्या संवेदकाचा घ्यावा, शक्यतो दोन: एक गरम बाजूला, एक गार बाजूला. सोबत पिस्तुलासारखा इन्फ्रारेड तापमापक असेल तर दिव्याखालची फरशी नेमकी मोजता येते.

नवा दमटपणामापक तपासायचा मार्ग घरातच आहे. बाटलीच्या बुचात चमचाभर मीठ घ्या, थेंब-थेंब पाणी घालून ओलसर करा, पण विरघळू देऊ नका. बुच आणि यंत्र एका झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी आकडा ७५ टक्के यायला हवा. ७० आला तर पुढे प्रत्येक वाचनात पाच मिळवा. ६० आला तर यंत्र परत करा.

पिल्लाला हवा दमटपणा सुमारे ८० टक्के. 'वाळवंटातलं कासव, कोरडं ठेवा' हा सल्ला अजूनही दिला जातो, आणि तोच पिल्लांच्या मुळावर येतो. निसर्गात पिल्लं पावसाळ्यात बाहेर येतात आणि बिळांच्या, गवताच्या ओलसर गारव्यात दडून राहतात. २००३ साली व्हिएन्नाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठातून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुलकाटाची पिल्लं वेगवेगळ्या दमटपणात आणि वेगवेगळ्या प्रथिनांवर वाढवली होती. कोरड्यात वाढलेल्यांच्या कवचावर उंच टेंगळं आली, दमटात वाढलेल्यांच्या फार कमी. प्रथिनांचा परिणाम त्यामानाने किरकोळ निघाला. टेंगळं पुढची गोष्ट, सुस्तीशी तिचा थेट संबंध नाही. पण जी कोरडी हवा कवच बिघडवते तीच भूकही घालवते.

म्हणून भुसा परत. पाइन-देवदाराच्या भुशातलं तेल श्वासाला त्रास देतं, आणि भुसा पाणी धरत नाही. वाळू नको, 'कॅल्शियम वाळू' तर अजिबातच नको, पिल्लं ती खातात आणि आतडं तुंबतं. कोकोपीटची विट घ्या. ६५० ग्रॅमची एक विट तीन-चार लिटर कोमट पाण्यात फुगते. नर्सरीतलं कोकोपीट घेतलंत तर दोन-तीन पाण्यांनी धुवून पिळून घ्या, त्यात खारटपणा राहिलेला असतो. दोन-अडीच इंचांचा थर हाताने दाबून बसवा, वर झाडाची बारीक साल पसरा. पाणी वर फवारण्याऐवजी कोपऱ्यांत ओता. तळ ओला, वरचा थर हाताला जेमतेम दमट, अशी जमीन हवी. वरचा थर सतत चिखलट आणि गार राहिला तर पोटाकडच्या कवचावर पांढरट बुरशी धरते. ऊब नीट असेल तर दमटपणा पिल्लाला बाधत नाही. गार ओल मात्र न्यूमोनियाला आमंत्रण.

प्लास्टिकची खोल वाटी मोडीत. उलथून पडलेलं पिल्लू दीड इंच पाण्यातही बुडतं. कुंडीखालची मातीची बशी जमिनीत काठापर्यंत पुरा, पाणी अर्धा इंच. लपायला अर्धी फोडलेली कुंडी, आतली जमीन जास्त ओलसर.

वळ्यांचा यूव्हीबी बल्ब

२००६-०७ च्या सुमारास या प्रकारच्या काही बल्बांतून कमी तरंगलांबीचे घातक अतिनील किरण बाहेर पडत होते, आणि कासवांचे डोळे सुजून बंद होत होते. आताचे बल्ब त्यामानाने सुधारले आहेत. तरी त्यांचा झोत हातभर जागेपलीकडे पोचत नाही, आणि नको तितक्या जवळ लावले तर डोळ्यांचा तोच त्रास. त्यामुळे डोळे मिटून बसणाऱ्या पिल्लाच्या पेटीतून हा बल्ब आधी काढावा आणि दोन-तीन दिवस फरक पाहावा.

पर्याय म्हणून टी५ एचओ (बारीक पण जास्त प्रखर) प्रकारची लांब ट्यूब. आर्केडियाची २४ वॅट १२ टक्के, किंवा झू मेडची रेप्टीसन १०.० टी५ एचओ, दोन्ही पुरेशा आहेत. लांबी पेटीच्या लांबीच्या निम्मी ते दोन-तृतीयांश. मध्ये जाळी नसेल तर ट्यूब पाठीपासून सुमारे ४५ सेंटिमीटर वर. जाळी असेल तर ती तीस-चाळीस टक्के किरण खाते, ते धरून थोडी खाली. काच किंवा अ‍ॅक्रिलिक मध्ये आलं तर यूव्हीबी जवळजवळ शून्य, म्हणून खिडकीच्या काचेतून आलेलं ऊनही यासाठी निरुपयोगी. ट्यूब डोळ्यांना प्रखर दिसत राहते, पण तिचा यूव्हीबी हळूहळू उतरतो. वर्षाने बदलावी. चार पाळणाऱ्यांनी मिळून एक सोलरमीटर ६.५ (अतिनील किरणांचा निर्देशांक मोजणारं यंत्र) घेतला तर अंदाजाने बदलावी लागत नाही, पाठीच्या उंचीवर निर्देशांक २ ते ४ आला की पुरे.

मर्क्युरी व्हेपर बल्ब ऊब आणि यूव्हीबी एकातच देतो म्हणून मोह होतो. पिल्लासाठी तो नको. थर्मोस्टॅटवर किंवा डिमरवर चालत नाही, विझला की थंड झाल्याशिवाय पेटत नाही, आणि कवच वाळवतो.

अंघोळ: फुकटची आणि सगळ्यात गुणकारी

सुस्त पिल्लासाठी कोणतंही औषध घेण्याआधी हे करावं. उभ्या भिंतींचा, आरपार न दिसणारा डबा. पाणी ३३ ते ३५ अंश, खोली वरचं-खालचं कवच जुळतं त्या रेषेपर्यंत. अर्धा तास. पाणी दहा मिनिटांत निवतं, म्हणून डबा गरम पाण्याच्या परातीत ठेवावा किंवा पेटीतच, दिव्याखाली नाही. नेहमीच्या पिल्लाला दिवसातून एकदा, सुस्त पिल्लाला सकाळ-संध्याकाळ. पिल्लू बहुधा पाण्यातच शी-शू करतं, ते बघावं. युरेट (लघवीतून पडणारा पांढरा साका) पांढरं, टूथपेस्टसारखं मऊ असेल तर पाणी पुरतंय. खडूच्या चुऱ्यासारखं खरखरीत असेल तर पिल्लू आतून कोरडं आहे.

अनुभवी पाळणारे सुस्त पिल्लाला गाजराच्या पाण्यात बसवतात: बाळांसाठीची साधी गाजर प्युरी आणि कोमट पाणी निम्मं-निम्मं, तासभर. पिल्लू त्यातलं थोडं पितं. प्युरीत साखर, मीठ, दूध नको. घरी गाजर उकडून मिक्सरला लावून गाळलं तरी तेच. औषधी पुरावा याला फारसा नाही, पण नुकसान नाही आणि बऱ्याचदा पहिला घोट याच पाण्यात घेतला जातो. नंतर साध्या पाण्याने धुवून, पुसून पेटीत.

गोळ्या आणि पाला

संचातली डबी पाण्यातल्या कासवांची, म्हणजे कोळंबी-मासळीची असेल तर सुलकाटासाठी ती निरुपयोगी. मॅझुरीचं टॉर्टॉइज डाएट, कोड ५एम२१, यातलं भरवशाचं. प्रथिनं सुमारे १५ टक्के. नाक मुरडणाऱ्या पिल्लासाठी याचा मोठा फायदा वासाचा: एकदा चव लागली की इतर पाल्यावर ते मिसळून काहीही खपवता येतं. उणीव अशी की पहिल्यांदा बहुतेक पिल्लं त्याला तोंड लावत नाहीत. कोरडी गोळी देऊ नका. एक गोळी दोन चमचे कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून बोटाने कुस्करा. तांदळाच्या दाण्याएवढा भाग बारीक चिरलेल्या पाल्याला चोळा. रोज चिमूटभर वाढवा. महिन्याभराने आठवड्यातून दोनदा एक गोळी एवढ्यावर स्थिर करा. रोजचं जेवण मात्र पालाच. भिजवलेली गोळी पेटीत दोन तासांवर ठेवू नका, दमट उबेत ती आंबते.

पाल्यात आपल्याकडे चणचण नाही. जास्वंदीची पानं आणि फुलं, तुतीची पानं, दुर्वा-हरळी, फड्या निवडुंगाची पानं (काटे गॅसवर जाळून, सोलून, बारीक चौकोनी तुकडे). पिल्लासाठी सगळं तीन ते पाच मिलिमीटरचं. सुस्त पिल्लाला आधी जास्वंदीचं लाल फूल द्यावं, रंगाकडे ती झेपावतात. फुलबाजारातली दुर्वा-जास्वंद घ्यायची तर धुवून घ्या, फवारणीचा भरवसा नसतो. शेवग्याचा पाला थोडाच, प्रथिनं जास्त. पालक, चुका, घोळ यांतलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवतं, म्हणून क्वचित. काकडी आणि आइसबर्ग लेट्यूस म्हणजे नुसतं पाणी. केळं, कलिंगड, आंबा नको, साखरेने पोटातले जिवाणू बिघडतात. पोळी, भात, दूध, पनीर तर नकोच. बागेतून तोडताना कण्हेर, रुई, घाणेरी आणि बेशरम ओळखता येत असेल तरच तोडायला जा, चारही विषारी. अमेरिकेत-इंग्लंडमध्ये एन्डाइव्ह, एस्करोल आणि न फवारलेल्या हिरवळीतली डँडेलियनची पानं हा सोपा पर्याय.

अन्न द्यायची वेळ: दिवे लागल्यावर एक-दोन तासांनी, अंघोळीनंतर, पिल्लू तापल्यावर. शहाबादी फरशीच्या तुकड्यावर ठेवलं तर चोचही घासली जाते आणि साल तोंडात जात नाही. पेटीची ऊब आणि दमटपणा सुधारल्यावर पहिल्या दोन-चार दिवसांत हालचाल वाढते, खाणं त्याच्या मागून येतं. नव्या घरात आलेलं पिल्लू दोन-तीन दिवस दडून बसलं तर त्याला उकरून काढू नका. नुकतंच अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू पोटाला उरलेल्या बलकावर जगतं, त्याने सुरुवातीचे काही दिवस खाल्लं नाही तरी चालतं.

पूड, थेंब, सिरिंज

कॅल्शियम कार्बोनेट चिमटीत येईल एवढं, आठवड्यातून दोनदा. यूव्हीबी ट्यूब नीट असेल तर डी३ जीवनसत्त्व नसलेलं घ्यावं. पेटीत समुद्रफेसाचा एक तुकडा ठेवा, पक्ष्यांच्या दुकानात मिळतो, पिल्लू हवा तेवढा कुरतडतं. मल्टिव्हिटॅमिनची पूड आठवड्यातून एकदा पुरते. भूक वाढवायचे थेंब: पैसे वाया. व्हिटॅमिन ए चं इंजेक्शन 'टॉनिक' म्हणून कुणी सुचवलं तर नकार द्या, मात्रा जास्त झाली तर कातडी सोलून निघते.

ऑक्सबोचं क्रिटिकल केअर, हर्बिव्होर प्रकारचं, चांगलं उत्पादन आहे. पण ते घरी सिरिंजने तोंडात कोंबण्यासाठी नाही. कासवाची श्वासनळी जिभेच्या मागेच उघडते. तीस ग्रॅमच्या पिल्लाचं तोंड जबरदस्तीने उघडून पातळ अन्न ढकललं तर ते फुप्फुसात जातं. नळीने खाऊ घालणं डॉक्टरांचं काम.

डॉक्टरकडे कधी, आणि काय सांगायचं

०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा सोनाराचा छोटा काटा घ्या, संचापेक्षा स्वस्त आणि उपयोगी. आठवड्यातून एकदा, अंघोळीनंतर, खाण्याआधी, त्याच वेळी वजन. दहा टक्के घट झाली, किंवा ऊब-पाणी नीट असूनही आठवडाभर घास घेतला नाही, तर थांबू नका. नाकातून बुडबुडे, तोंड उघडून श्वास, सुजलेल्या पापण्या, किंवा कवच दिवसेंदिवस मऊ पडतंय, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी. (छोट्या पिल्लाचं कवच थोडं लवतंच. ते घट्ट होत जायला हवं, उलट नाही.)

कुत्र्या-मांजरांचा दवाखाना असेल तर एक प्रश्न आधी विचारा: जंतासाठी काय देणार? आयव्हरमेक्टिन कासवांसाठी प्राणघातक आहे. शेळ्या-कुत्र्यांना ते सर्रास दिलं जातं, त्यामुळे हात सहज तिकडेच जातो. जंतांसाठी फेनबेन्डाझोल वापरतात, तेही विष्ठेच्या तपासणीनंतर आणि वजनावर मोजून. ताजी विष्ठा छोट्या डबीत न्या. वजनाची नोंद, गार कोपऱ्याचं रात्रीचं तापमान, दमटपणाचा आकडा आणि दिव्यांचे फोटो फोनमध्ये असू द्या. विष्ठा आणि हे चार तपशील असले की डॉक्टरांचा निम्मा वेळ वाचतो. नेताना पिल्लू टॉवेलच्या उबदार डब्यात, गाडीचा एसी बंद.

कागदपत्रांचंही विचारलं जाऊ शकतं. सुलकाटा साइट्स (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) च्या परिशिष्ट २ मधलं विदेशी कासव, भारतात ठेवायचं तर २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. खरेदीची पावती मागून घ्या. आणि दुकानदाराने हाच संच पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेल्या पिल्लाबरोबर देऊ केला तर ते तारा कासव आहे. ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतं, घरी ठेवणं गुन्हा आहे. ते विकत न घेता वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवा.